हा पैसा नेमका कुणाचा? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात झटपट पैसा देणाऱ्या स्कीम्सबद्दल चारच ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बऱ्याच जणांनी "हे कायद्याने चालतं का" असं विचारलंय. पण पत्र शेवटपर्यंत वाचलं की कळतं, माणसाला कायद्याची भीती आहेच पण त्याहून जास्त काहीतरी आत टोचतंय आणि ते कुणाला सांगता येत नाहीये. म्हणून मी दोन्ही बोलणार आहे. नावं कुणाचीच छापलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

प्रश्न : ताई, दोन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एका सीनियरच्या सांगण्यावरून मी एका स्कीममध्ये पैसे टाकले. दर महिन्याला ठरलेला परतावा आणि आपण जी माणसं जोडू त्यांच्या पैशावर कमिशन. मी सहा जण जोडले, त्यात माझी मावसबहीण आणि शाळेपासूनचा मित्र. आठव्या महिन्यात मला काहीतरी गडबड वाटली म्हणून मी सगळं काढून घेतलं, भरलेले पैसे आणि वर जवळपास तेवढेच. चार महिन्यांनी अ‍ॅप बंद, लीडरचा फोन बंद. बहिणीचे सगळे गेले, मित्राचे निम्मे. मी कुणाला फसवलेलं नाही, मला तरी कुठे माहीत होतं, आणि रिस्क सगळ्यांनीच घेतली होती ना? बायको म्हणते पैसे परत द्या. मी का देऊ?

उत्तर : तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीन वेळा वाचलं. "गडबड वाटली म्हणून मी सगळं काढून घेतलं." त्या दिवशी तुम्ही मावसबहिणीला फोन केलात का हो? पत्रात तसं कुठेच नाही. केला असता तर तुम्ही ते आधी लिहिलं असतं असं मला वाटतं. पुढचे चार महिने ती त्या स्कीममध्ये होती आणि तुम्ही बाहेर, आणि फरक फक्त एका फोनचा होता. स्कीममध्ये शिरताना तुम्हाला माहीत नव्हतं हे मी शंभर टक्के मान्य करते. पण बाहेर पडताना थोडंफार तरी माहीत होतं, आणि तुमची जबाबदारी तिथून सुरू होते.

आता पैशाचं बघू. १९२० साली अमेरिकेत बोस्टनला चार्ल्स पॉन्झी नावाच्या माणसाने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो असं सांगून लोकांकडून पैसे गोळा केले. धंदा काय, तर म्हणे एका देशात टपालाची आंतरराष्ट्रीय कूपनं स्वस्तात घ्यायची आणि दुसऱ्या देशात महाग वटवायची. ऐकायला एकदम पटण्यासारखं होतं. मग क्लॅरेन्स बॅरन या आर्थिक पत्रकाराने साधा हिशेब मांडला, की एवढे पैसे या धंद्यात फिरवायचे तर १६ कोटी कूपनं बाजारात हवीत आणि प्रत्यक्षात आहेत २७ हजारांच्या आसपास. म्हणजे धंदा नव्हताच, नव्या माणसाचे पैसे जुन्याला नफा म्हणून जात होते. तुमच्या स्कीममध्ये कंपनी नेमकं काय विकत होती, कुणाला विकत होती, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. आठवून बघा, तुम्हाला तरी ते कधी कुणी सांगितलं होतं का?

विकायला काहीच नसेल तर तुमचा नफा कुठून आला, याला एकच उत्तर उरतं. तुमच्यानंतर जे आले त्यांच्या खिशातून. त्यातला काही भाग तर सरळ तुमच्या बहिणीचा आणि मित्राचा, कारण त्यांच्या पैशावर तुम्हाला कमिशन मिळालं.

"मला माहीत नव्हतं म्हणून पैसे माझे" हे कोर्टालाही पटलेलं नाही. पॉन्झीची स्कीम बुडायला लागली तेव्हा काही जणांनी शेवटच्या दिवसांत धावत जाऊन आपलं मूळ भांडवल परत घेतलं होतं, नफा पण नाही, फक्त स्वतःचे भरलेले. तरी १९२४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते परत करा, कारण बुडालेले सगळे सारखेच आणि जो जोरात पळाला त्याला पूर्ण आणि बाकीच्यांना काहीच नाही असं चालणार नाही. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मॅडॉफ या माणसाने लोकांचे पैसे गुंतवतो म्हणून चालवलेली अशीच प्रचंड मोठी स्कीम २००८ च्या डिसेंबरमध्ये फुटली तेव्हाही तेच झालं. ज्यांनी भरल्यापेक्षा जास्त काढले होते त्यांच्याकडून तो वरचा पैसा वसूल करायला कोर्टाने नेमलेला माणूस त्यांच्यामागे लागला, यात कित्येकांना फसवणुकीची काहीच कल्पना नव्हती. एका मयत गुंतवणूकदाराच्या पत्नीने २०१० मध्ये तब्बल ७.२ अब्ज डॉलर परत द्यायचं कबूल केलं. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असतो, तुमच्यावर अशी वेळ येईल की नाही ते वकिलाला विचारा. पण त्यामागचं तत्त्व मला न्यायाचं वाटतं आणि तुमच्या बायकोला पण तेच वाटतंय.

"रिस्क सगळ्यांनीच घेतली होती" याबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण हे वाक्य मी फार ऐकलंय. प्रत्येकाने सहा जण आणायचे म्हटलं तर ६, ३६, २१६ असं करत तेराव्या पायरीला १,३०० कोटींच्या वर माणसं लागतात, आणि पृथ्वीवर आहेत ८०० कोटींच्या आसपास. म्हणजे थांबणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं. आणि असं पूर्ण भरत गेलेलं जाळं कुठल्याही पायरीला थांबलं तरी एकूण माणसांपैकी ८० टक्क्यांहून जास्त सगळ्यात खालच्या पायरीवर असतात, ज्यांच्या खाली कुणीच नाही. तुमची रिस्क आणि तुमच्या बहिणीची रिस्क एक नव्हती हो. तुम्ही आधी आलात आणि ती तुमच्या शब्दावर नंतर आली एवढ्यावरच निकाल लागला होता.

मी स्वतः एकदा अशा मीटिंगला जाऊन बसलेय, एका ओळखीच्या बाईंनी फारच गळ घातली म्हणून. पहिल्याच अर्ध्या तासात सगळ्यांना कोरा कागद दिला आणि म्हणाले, ओळखीच्या शंभर लोकांची नावं लिहा. मी पण लिहायला लागले. सातआठ नावं झाल्यावर माझा हात थांबला, कारण मी वर कुणाला घातलंय ते मला दिसलं. जे नाही म्हणू शकणार नाहीत तेच सगळे वर. मला लहानपणी सांभाळलेली आत्या, नुकता नवरा गेलेली एक मैत्रीण, माझ्या घरी कामाला येणारी बाई. ज्यांना पैशातलं कळतं, जे चार उलटे प्रश्न विचारतील, ती नावं मी आपोआप खाली ढकलली होती. तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि निघून आले, पण घरी पोचेपर्यंत पोटात गोळा होता. तुम्ही जे सहा जण जोडले, त्यांची नावं तुम्ही कुठल्या क्रमाने घेतली होती?

आता काय करायचं. बहीण आणि मित्र यांच्या पैशावर जे कमिशन मिळालं ते पूर्ण द्या, त्यात विचार करण्यासारखं काहीच नाही. मग जो नफा झाला तो तुम्ही जोडलेल्या सहाही जणांत त्यांच्या नुकसानीच्या प्रमाणात वाटा, एकदम जमत नसेल तर हप्त्याने, पण तारखा लिहून. पोलिसांत किंवा कोर्टात प्रकरण चालू असेल तर आधी वकिलाला विचारा, म्हणजे दिलेल्या पैशाची नीट नोंद राहील. मूळ भांडवल ठेवायचं का यावर दोन मतं असू शकतात आणि त्यासाठी मी तुम्हाला बोल लावणार नाही. आणि देताना "तुला मदत म्हणून देतोय" असं कृपा करून म्हणू नका. ती मदत नाहीये. बहिणीला सांगा की मला आठव्या महिन्यात शंका आली होती आणि मी तुला बोललो नाही. पैसे देण्यापेक्षा हे वाक्य बोलणं अवघड जाणार आहे, आणि ती चिडेल, कदाचित बरेच दिवस बोलणार नाही. तरी बोला.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. एका ऑनलाइन ओळखीच्या दादाने सांगितलं की त्याच्या कंपनीला पेमेंट घ्यायला अकाउंट कमी पडतात, माझ्या अकाउंटवर पैसे येतील, ते तो सांगेल तिकडे पाठवायचे आणि प्रत्येक वेळी काही टक्के मी ठेवायचे. तीनदा झालंय. चोरी तर मी करत नाहीये, फक्त पैसे इकडून तिकडे जातात. यात चूक आहे का?

उत्तर : बाळा, आधी हे थांबव, बाकीचं नंतर वाच.

कुठल्याही खऱ्या कंपनीला पेमेंट घ्यायला विद्यार्थ्याचं अकाउंट लागत नाही. तुझ्याकडे आलेला पैसा जवळपास नक्कीच फसवणुकीचा आहे. एखाद्या रिटायर्ड माणसाला कुणीतरी घाबरवून किंवा भुलवून त्याची बचत पाठवायला लावली असेल आणि ती थेट चोराच्या नावावर गेली तर चोर पकडला जाईल, म्हणून मध्ये तुझ्यासारख्यांची अकाउंटं लागतात. पैसा चारपाच अकाउंटांतून काही मिनिटांत फिरवतात, तुकडे करतात आणि शेवटी कॅश किंवा क्रिप्टो करून गायब. तू म्हणतोस मी चोरी करत नाही, पण ही मधली माणसं मिळाली नाहीत तर चोराच्या हाती तो पैसा पोचणं फार अवघड होऊन बसेल. आणि तपास सुरू झाला की सगळ्यात आधी सापडतं ते तुझं नाव, तुझा फोटो, तुझी सही. त्या दादाचं खरं नाव तरी तुला माहीत आहे का?

अकाउंटमध्ये अजून काही पैसे पडून असतील तर ते कुठेही पाठवू नकोस, त्याला "परत" म्हणूनही नाही. चॅट डिलीट करू नकोस, तोच तुझा पुरावा आहे. ओटीपी, कार्ड, सिम त्याच्याकडे दिलं असेल तर आजच बंद कर. घरी सांग, आईला किंवा बाबांना, ज्यांना सांगताना कमी भीती वाटते त्यांना, आणि त्यांना घेऊन बँकेत आणि पोलिसांकडे जा, बँकेत लेखी दे. तो धमक्या देईल, तुझ्यावरच केस होईल म्हणेल. तू स्वतःहून गेलास आणि पोलीस तुझ्या दारात आले या दोन्हीत खूप फरक पडतो. घरचे ओरडतील, ओरडू देत.

प्रश्न : मी घरी बसून रिव्ह्यू लिहायचं काम करते. ते प्रॉडक्टचं नाव आणि फोटो पाठवतात, मी पाच स्टार देऊन चार ओळी लिहायच्या, प्रत्येक रिव्ह्यूचे पैसे. वस्तू मी वापरलेली नसते. पण जाहिरातीत पण सगळे खोटंच बोलतात ना? यात कुणाचं काय एवढं नुकसान होतं?

उत्तर : जाहिरात बघताना माणसाला माहीत असतं की हा विकणारा बोलतोय, तो गोडच बोलणार, म्हणून आपण निम्मं सोडून देतो. रिव्ह्यू वाचताना आपण सावध नसतो, कारण तिथे आपल्यासारखंच कुणीतरी बोलतंय असं वाटतं. तुम्हाला पैसे त्याच विश्वासाचे मिळताहेत.

तुम्ही तुमच्या कामाचा नमुना म्हणून जो रिव्ह्यू पाठवलाय तो ब्लड प्रेशर मोजायच्या मशीनचा आहे. "आईसाठी घेतलं, ती रोज सकाळी स्वतः मोजते, रीडिंग एकदम करेक्ट येतं." फार छान लिहिलंय, खरंच, वाचून मलाही घ्यावंसं वाटलं. आता समजा कुणीतरी ते वाचून आपल्या आईसाठी मशीन घेतलं आणि ते कमी आकडा दाखवणारं निघालं. ती बाई रोज सकाळी दंडाला पट्टा बांधणार, आकडा नॉर्मल बघून समाधानाने बसणार आणि एक दिवस म्हणणार की आता गोळीची गरज नाही वाटतं. तुमची चार ओळी लिहून पाच मिनिटांत सुटका झाली, त्या घरात ते मशीन वर्षभर टेबलावर राहणार. सगळ्याच वस्तूंचं असं होत नाही हे खरं, मोबाइलच्या कव्हरने कुणाचा जीव जात नाही. पण कुठल्या वस्तूचं लिहायचं हे तुम्ही ठरवत नाही, ते पाठवतात. शिवाय जो विक्रेता नीट माल बनवतो आणि खोटे रिव्ह्यू विकत घेत नाही तो यादीत खाली जातो, त्याचंही पोट आहेच की.

अमेरिकेत २०२४ साली खोटे रिव्ह्यू लिहिणं, विकणं, विकत घेणं यावर थेट बंदीचा नियम आला, म्हणजे हा किरकोळ प्रकार आहे असं आता सरकारंही मानत नाहीत. तुमचं लिहिणं चांगलं आहे हो, ओघ आहे. खऱ्या वस्तूंची माहिती लिहून देणं, दुकानदारांसाठी साधी वर्णनं लिहिणं, हे काम मिळतं, पैसे हळू येतात पण येतात. आणि एक सावधगिरी, हेच लोक उद्या म्हणाले की पुढच्या टास्कसाठी आधी थोडे पैसे भरा, मग जास्त मिळतील, तर त्याच क्षणी ब्लॉक करा. सुरुवातीला छोटी पेमेंट देऊन विश्वास बसवायचा आणि मग भरायला लावायचं ही फसवणुकीची अगदी ठरलेली पद्धत आहे.

प्रश्न : लॉटरी, सट्टा, स्कीम सगळं एकच ना? मग लॉटरीला परवानगी कशी?

उत्तर : एक नाही. लॉटरीत बहुतेक सगळे हरणार हे तिकीट घेणाऱ्याला माहीत असतं, कुणी त्याला "हे नक्की मिळकतीचं साधन आहे" असं सांगून आणत नाही. स्कीममध्ये हरणं लपवलेलं असतं. म्हणून लॉटरी चांगली असं मी म्हणत नाहीये, तिच्यापायी घरं बसलेली मी पाहिलीत. पण स्वतः डोळे उघडे ठेवून हरणं वेगळं आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला हरवणं वेगळं.

प्रश्न : मी शेअर टिप्सच्या एका ग्रुपमध्ये आहे. अ‍ॅडमिन लोक छोट्या कंपन्यांचे शेअर आधी घेऊन ठेवतात, मग ग्रुपवर "रॉकेट" म्हणून टाकतात, भाव चढतो, ते विकून मोकळे. मला ही ट्रिक कळली आहे म्हणून मी पण लवकर घेतो, चार ठिकाणी फॉरवर्ड करतो आणि लवकर विकतो. मी काही ग्रुप चालवत नाही, फक्त डोकं वापरतो. मार्केटमध्ये कुणीतरी हरणारच.

उत्तर : मार्केटमध्ये दोन माणसांची मतं वेगळी असतात, एकाला वाटतं भाव वाढेल, एकाला वाटतं पडेल, आणि एकजण चुकतो. त्यात मला काही वावगं दिसत नाही. तुम्ही ते करत नाही. तुम्हाला माहीत आहे की शेअरमध्ये दम नाही आणि तरी तुम्ही तो चार ठिकाणी फॉरवर्ड करता, कारण तुम्हाला विकायला गिऱ्हाईक हवं असतं. गिऱ्हाईक म्हणजे तुमचा फॉरवर्ड वाचणारा माणूस. "फक्त डोकं वापरतो" हे तुम्ही नुसतं बघून, गप्प राहून घेतलं-विकलं असतं तरीही मला पूर्ण पटलं नसतं, पण फॉरवर्ड केल्यावर तर तुम्ही त्या अ‍ॅडमिनच्याच बाजूला जाऊन उभे राहिलात.

१९९९-२००० मध्ये अमेरिकेत एका १५ वर्षांच्या मुलाने हेच केलं होतं. आधी छोटे शेअर घ्यायचे, मग वेगवेगळ्या नावांनी इंटरनेटवर शेकडो मेसेज टाकायचे की हा शेअर उडणार आहे, आणि चढला की विकायचा. तिथल्या बाजार नियामकाने पकडल्यावर व्याजासकट २ लाख ८५ हजार डॉलर परत भरावे लागले. त्याचाही कुठला मोठा ग्रुप नव्हता. शाळेत जाणारं पोर आणि घरचा कॉम्प्युटर, एवढंच. असं कृत्रिमरीत्या भाव चढवून विकणं जिथे जिथे नीट शेअर बाजार आहे तिथे गुन्हाच मानतात आणि आता तर कोणत्या वेळी कुठून मेसेज गेला आणि कुठून ऑर्डर आली हे जुळवणं अवघड राहिलेलं नाही.

तुम्हाला एकच करायला सांगते. तुम्ही शेवटचा फॉरवर्ड कुठल्या चार ग्रुपवर केला होता ते उघडा आणि मेंबर लिस्ट बघा. त्यातल्या कुणी त्या दिवशी वरच्या भावाला घेतला असेल, याचा अंदाज तुम्हाला नावं वाचताना येईलच.

प्रश्न : ताई, मला नैतिकतेवर लेक्चर नकोय. नवऱ्याच्या आजारपणात कर्ज झालंय, तीन ठिकाणचं. वसुलीवाल्यांचे फोन दिवसभर. एका मैत्रिणीने एक स्कीम सांगितली आहे, तीन महिन्यांत डबल. मला कळतंय की हे बरोबर नसेल. पण माझ्याकडे वेळच नाहीये. एकदाच करू का?

उत्तर : लेक्चर देत नाही. तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. ज्याला हौसेपायी डबल हवंय तो आणि तुम्ही, यांना मी एका मापाने मोजणार नाही, कुणीच मोजू नये.

पण बाई, या स्कीम्स तुमच्यासारख्यांसाठीच बनवलेल्या असतात. ज्याच्याकडे वेळ आहे तो चौकशी करतो, चार जणांना विचारतो, थांबतो. ज्याच्याकडे वेळ नाही तो भरून मोकळा होतो. १९९७ साली अल्बानिया नावाच्या छोट्या देशात अशाच स्कीम्स बुडाल्या, त्यात देशाच्या जवळपास दोनतृतीयांश लोकांनी पैसे घातले होते. लोकांनी घरं विकली होती, शेतकऱ्यांनी जनावरं विकली होती. सगळं बुडाल्यावर जी दंगल उसळली त्यात सुमारे २,००० माणसं गेली. ती माणसं हावरट होती असं मला कधीच वाटलं नाही, बहुतेक जण गरिबीतून लवकर बाहेर पडायला बघत होते. आणि तुमचे पैसे समजा खरंच डबल झालेच, तर ते जिच्याकडून येतील ती बाई पण कदाचित दवाखान्याच्या बिलासाठीच पैसे लावत असेल.

स्कीममध्ये भरायला पैसे तुम्ही आणणार कुठून, हे पत्रात नाही. चौथं कर्ज काढून असेल तर कृपा करून नको. त्यापेक्षा एका कागदावर तिन्ही कर्जं मांडा, किती उरलंय, व्याज किती, हप्ता किती, कोण जास्त त्रास देतंय. मग ज्याचं व्याज सगळ्यात जास्त त्याच्याकडे लेखी अर्ज द्या की आजारपणामुळे हप्ता कमी करून मुदत वाढवून हवी आहे. तोंडी बोलू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. कर्ज देणाऱ्यालाही पूर्ण बुडण्यापेक्षा उशिरा मिळालेलं परवडतं, त्यामुळे बऱ्याचदा ऐकतात. दवाखान्याचं बिल अजून बाकी असेल तर तिथे हप्ते मागा, आणि मदत देणारा फंड आहे का ते स्वतःहून विचारा, कारण आपण विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. वसुलीवाले शिव्या देत असतील, धमक्या देत असतील तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि तक्रार करा, कर्ज असलं तरी तुम्हाला वाट्टेल तसं बोलायचा हक्क त्यांना मिळत नाही. आणि "तुमचं सगळं कर्ज मिटवून देतो, आधी फी भरा" असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका.

मैत्रिणीला पण विचारा की तिने किती भरलेत आणि आतापर्यंत किती काढलेत, स्क्रीनवर दिसणारे नकोत, हातात आलेले. ती नुकतीच आत गेली असेल तर तिला हे पान दाखवा.

तो तिन्ही कर्जांचा कागद तयार झाला की मला पाठवा, पहिला अर्ज कसा लिहायचा ते मी तुम्हाला लिहून देईन. ते या सदरात छापलं जाणार नाही, थेट तुमच्या पत्त्यावर येईल.